जर्मनांच्या गावातली भिंत

मला राग लवकर येतो. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना ही बाई एवढी का तडकते असं कुणाला वाटायला नको. नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी रिटायर होईपर्यंत नोकरी केली. लोक एकमेकांशी कसे बोलतात, ओरडतात, रडतात, फोन आपटतात, सगळं या कानांनी ऐकलं. पण लाइन चांगली लागलेली असताना, दोन्ही माणसं समोरासमोर असताना, एकाला बोलायची मनाई केलेली मी एकाच ठिकाणी पाहिली. नावनमध्ये, सुहासिनीताई मेहेंदळ्यांच्या मुलाच्या घरात.

नावन हे आयर्लंडमधलं, डब्लिनपासून तासाभरावरचं गाव. इथे एकसारख्या घरांची एक वसाहत आहे. पहिल्या ओळीत माझा मुलगा नरेश राहतो, मागच्या ओळीत सुहासिनीताईंचा अनीश. आम्ही दोघी २०२०च्या सुरुवातीला तीन-तीन महिन्यांसाठी आलो आणि मार्चमध्ये जग बंद झालं. विमानं बंद, दुकानं बंद, घरापासून दोन किलोमीटरच्या पुढे जायचं नाही. मग वसाहतीच्या मधल्या हिरवळीला आम्ही दोघी फेऱ्या मारायचो, मध्ये हात-दोन हात अंतर सोडून. मी नरेशचं जुनं जॅकेट घातलेलं, त्या फिकट रंगाच्या साडीवर रेनकोट चढवलेल्या. ओळख अशी झाली.

सुहासिनीताई पुण्याच्या. कर्वेनगरात घराच्या पुढच्या खोलीत त्या जर्मनच्या शिकवण्या घ्यायच्या. सकाळी इंजिनिअरिंगची मुलं, दुपारी लग्न ठरून जर्मनीला निघालेल्या मुली, संध्याकाळी शाळेतली पोरं. किती पोरं त्यांच्या हाताखालून तिकडे गेली याची गणती नाही. नाताळात त्यांची कार्डं यायची. उतरत्या छपरांची घरं, गावाची वेस, शेकडो वर्षांपूर्वीचं चर्च, चर्चच्या मनोऱ्यात कोंडलेल्या कुण्या राणीची गोष्ट. असल्या जुन्या गावांचे धडेच्या धडे बाईंना पाठ होते. पण त्या स्वतः कधी जर्मनीला गेल्या नाहीत. एकदा संधी आली तेव्हा सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. दुसऱ्यांदा अनीशची बारावी होती. तिसऱ्यांदा नवऱ्याची बायपास.

"मग इथून जाऊन या की! जर्मनी इथून हाकेवर आहे," मी एकदा म्हटलं.

"व्हिसा वेगळा लागतो, प्रभाताई. अनीश बघतो म्हणाला होता." एवढं बोलून त्यांनी विषय बदलला. मुलगा 'बघतो' म्हणाला की पुढे काय होतं, ते मला सांगायची गरज नव्हती.

पण माझा राग जर्मनीवरून नव्हता. अनीशची मुलगी कौमुदी बारा वर्षांची. इथेच जन्मली, इथेच वाढली. तिला मराठी सगळं कळायचं, बोलायची मात्र ती इंग्रजी, तेही थेट इथल्या पोरांसारखं, शब्द चघळत. बरं, पोराबाळांचं चालायचंच. पण आजी आली म्हटल्यावर बापाने काय करावं? अनीशने पहिल्याच आठवड्यात आईला बसवून सांगितलं, "आई, तिच्याशी इंग्लिशमध्येच बोलत जा. उगाच कन्फ्यूज होते ती. आणि हो, नेक्स्ट इयर तिला स्कूलमध्ये जर्मन आहे. तू घरात आहेसच तर तिचं जर्मन घे ना. पुढे कॉलेज अ‍ॅडमिशनच्या पॉइंट्सना उपयोग होईल."

म्हणजे परक्याची भाषा शिकव, आपली बोलू नकोस. हे मला सुहासिनीताईंनी हिरवळीवर सांगितलं तेव्हा मी जागच्या जागी उभी राहिले.

"आणि तुम्ही ऐकून घेतलं?"

"मुलाचं घर आहे, प्रभाताई."

"काऊन ऐकून राहिले तुम्ही? घर त्याचं असंल, तोंड तर तुमचं आहे न?"

त्या हसल्या. मला त्या हसण्याचाही राग आला. दिवसभर घरात अनीश बॉक्सरूम नावाच्या छोट्या खोलीत मिटिंगमध्ये, सून देवयानी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून, तिचं डब्लिनमधलं, चेरीवूडचं ऑफिस घरात आलेलं. पोरगी वरच्या खोलीत, स्क्रीनवर शाळा. सुहासिनीताई स्वयंपाकघरात. त्या कुकरशी बोलायच्या, कणकेशी बोलायच्या. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, त्या प्रेसचं दार उघडून आत डोकं घालून म्हणायच्या, "कुठे गेलास बाबा हिंगाच्या डब्या?" कौमुदीने एकदा हे गुपचूप फोनवर शूट केलं आणि मैत्रिणींना पाठवलं. 'आजी टॉकिंग टु द प्रेस.' घरात सगळे हसले. अनीशसुद्धा. देवयानीनेच नंतर मला हे सांगितलं आणि सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

त्या हिवाळ्यात पुन्हा सगळं बंद झालं. एका संध्याकाळी सुहासिनीताई मला म्हणाल्या, "जर्मनी वगैरे आता राहू दे. परत जायच्या आधी कौमुदीने एकदा, एकदाच, माझ्याशी मराठीत बोलावं. तिच्या मनाने. एवढं झालं तर मी इथून काही नेलं असं म्हणेन."

मला मनातून वाटलं, होत नाही हे.

२०२१च्या मे महिन्यात परगण्यांच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्यांच्या, हद्दी उघडल्या. आता कुठेही जायला मोकळीक मिळाली. आणि अनीशला अचानक आईचा पुळका आला. "आई, तुला जर्मन गाव बघायचं होतं ना? चल, दाखवतो. आयर्लंडमध्येच आहे!" खरं कारण दुसऱ्या दिवशी कळलं. कौमुदीच्या जर्मनच्या बाईंनी शाळा संपायच्या आत प्रोजेक्ट करायला सांगितलं होतं, आयर्लंडमध्ये आलेल्या जर्मनांवर. आजी फुकटची गाइड. देवयानीला शनिवारीही काम होतं, गाडीत एक जागा रिकामी होती, म्हणून सुहासिनीताईंनी मला ओढलं.

गाव तिकडे लिमरिकच्या बाजूला. नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांनी माझं काही वाकडं केलेलं नाही. तीनशे वर्षांपूर्वी ऱ्हाइन नदीच्या काठची शेकडो कुटुंबं लढाया आणि उपासमारीने देशोधडीला लागून इथे आली. इथल्या जमीनदारांनी त्यांना जमिनी कसायला दिल्या. सुहासिनीताईंनी आदल्या दिवशी सगळं वाचून काढलं होतं. कपाटातली चांगली रेशमी साडी नेसल्या होत्या. पिशवीत ओटीचं सामान होतं, खण, नारळ, हळदीकुंकवाच्या पुड्या. म्हटलं, हे कुणासाठी? तर म्हणाल्या, "एखादी जर्मन आजीबाई भेटली तर? रिकाम्या हाताने कसं जायचं?" वाटेत तीन तास त्या कौमुदीला इंग्रजीत सांगत होत्या, जर्मन खेड्यात गेल्यावर मोठ्या माणसांना नमस्कार कसा करतात ते. पोरगी कानात इअरफोनची बोंडं घालून खिडकीबाहेर बघत होती.

गाव म्हणजे एक रस्ता, दगडी पूल, पलीकडे चौकोनी जुनी गढी आणि तिच्या शेजारी मठाचे अवशेष. छप्पर कधीच गेलेलं, आत गवत, भिंती मात्र माणसाच्या कितीतरी उंच आणि खिडक्यांच्या कमानी अजून शाबूत. आम्हाला दाखवायला हेझल नावाच्या बाई आल्या होत्या. साठीच्या, लाल गालांच्या, हिरवा मास्क. त्या म्हणाल्या, माझे पूर्वज त्या पहिल्या जर्मनांपैकीच. हे ऐकताच सुहासिनीताईंचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. त्या पुढे झाल्या आणि जर्मनमध्ये बोलायला लागल्या. दोन-तीन मोठी वाक्यं. सावकाश, स्पष्ट, जन्मभर शिकवलेली.

हेझलबाई हसल्या. "सॉरी, लव्ह. नॉट अ वर्ड. माझ्या पणजीलाही येत नव्हतं. गेलं ते कधीचंच."

"कधी गेलं?" सुहासिनीताईंनी इंग्रजीत विचारलं.

"कुणास ठाऊक! मुलं इथल्या पोरांबरोबर खेळली, शाळेत गेली, झालं." मग त्या आम्हाला मठाच्या उत्तरेकडच्या भिंतीपाशी घेऊन गेल्या. भिंतीत कमरेच्या उंचीवर एक कोनाडा होता, काठ हातांनी घासून गुळगुळीत झालेले. "ही आमची बोलकी भिंत," त्या म्हणाल्या. "इथे कान लावा!"

गोष्ट त्यांनी फार रंगवून सांगितली. पहिल्या कुटुंबांबरोबर मार्गारेट नावाची एक म्हातारी आली होती, मुलाबरोबर. तिला जर्मनखेरीज काही येत नव्हतं. नातवंडं वर्ष-दोन वर्षांत इथली भाषा बोलायला लागली, मग तिच्याशी बोलायची बंद झाली. म्हातारी चेटकीण झाली म्हणे. रोज दुपारी या भिंतीपाशी येऊन भिंतीशी बोलायची, हसायची, भांडायची. पोरं मागून दगड मारायची. मेली तीही इथेच. तेव्हापासून भिंत पुटपुटते. ज्याला ते ऐकू येतं त्याच्या घरी वर्षभरात कुणीतरी मरतं. "दर हॅलोविनला पोरं इथे येतात, पैजा लावतात. ग्रेट क्रॅक!" हेझलबाई म्हणाल्या. इथे क्रॅक म्हणजे मजा.

कौमुदीने कानातली बोंडं काढली. पहिल्यांदाच तिला काही आवडलं होतं. "दॅट्स क्लास! आजी, गो ऑन, टॉक टु द वॉल. आय'ल फिल्म यू." आणि फोन वर केला.

अनीश हसला. तो हसला हे मी या डोळ्यांनी पाहिलं.

सुहासिनीताईंनी पिशवी खाली ठेवली. पदर खोचला. भिंतीपाशी गेल्या, कोनाड्याच्या काठावर हात ठेवला आणि वाकून आत तोंड नेऊन हळू बोलायला लागल्या. जर्मनमध्ये. मला एवढंच कळलं, "गुटेन टाग, फ्राउ मार्गारेटे." पुढे पुष्कळ वेळ त्या बोलत होत्या, शेजारणीशी बोलावं तशा. सगळ्या गावात त्यांचं जर्मन ऐकणारी तेवढी भिंतच होती. मग त्यांनी पिशवीतून खण आणि नारळ काढला, कोनाड्यात ठेवला, हळदीकुंकू वाहिलं. हेझलबाईंचं हसू मावळलं होतं. कौमुदी अजून शूट करत होती.

सुहासिनीताई वळल्या, आणि मी त्यांना ओळखलंच नाही.

"फोन खाली कर," त्या म्हणाल्या. मराठीत. कौमुदीने केला.

"अनीश, तू हसलास. कशाला हसलास? ही भुताची गोष्ट वाटली तुला? अरे, घरात कुणी बोललं नाही म्हणून एक बाई भिंतीशी बोलत बसली. तिला चेटकीण म्हणायला लाज नाही वाटली कुणाला? तीनशे वर्षं दगड मारतायत तिला! तिला मुलगा होता ना? तो काय करत होता? मिटिंगमध्ये होता का?"

"आई, प्लीज. लोक बघतायत."

"बघू देत! मी सव्वा वर्ष हिंगाच्या डब्याशी बोलतेय, तेव्हा कुणी बघितलं नाही. बघितलं ते शूटिंग करायला. परक्या पोरांना मी परकी भाषा शिकवली रे, शिकलीसुद्धा पोरं, आनंदाने शिकली. आणि माझ्या स्वतःच्या नातीशी तोंड उघडायचं नाही, कारण तिचा गोंधळ होतो? गोंधळ तुझा झालाय! तुला लाज वाटते आमची, म्हणून पोरीच्या नावावर खपवतोस."

अनीश लालबुंद झाला. "तू इंग्लिशमध्ये बोल ना, हेझलला वाटेल आपण..."

"तिला काय वाटायचं ते वाटू दे. मी तिच्याशी नंतर बोलेन. आत्ता तुझ्याशी बोलतेय, माझ्या भाषेत."

बोलल्याही नंतर. हेझलबाईंचा हात धरून इंग्रजीत म्हणाल्या की ती तुमची आजी होती, चेटकीण नव्हे, हॅलोविनला पोरांना तेवढं सांगा. हेझलबाईंनी मान डोलवली. सांगितलं की नाही, देव जाणे.

परतीच्या वाटेवर नावन जवळ आलं तेव्हा अनीश म्हणाला, "सीन केलास तू आई. तिच्या प्रोजेक्टचं काय?"

"आजपासून जर्मन बंद," सुहासिनीताई म्हणाल्या. "इंग्रजी बंद. मला दोन्ही येत नाहीत."

मागून कौमुदी म्हणाली, "आजी, दॅट्स नॉट फेअर! यू सॉ द वॉल, आय नीड..."

"काय?" सुहासिनीताई म्हणाल्या. "मला कळत नाही. वॉल नाही, भिंत."

मला वाटलं, दोन दिवस चालेल. पण त्या बाईने जून काढला, जुलै काढला. पोरगी काही विचारायची, त्या शांतपणे म्हणायच्या, "काय? मला कळत नाही," आणि वाटाणे सोलत बसायच्या. कौमुदी संतापायची, दारं आपटायची. एकदा माझ्या देखत वरून ओरडली, "आजी, व्हेअर इज माय हूडी?" खाली वाटाणे. पुन्हा ओरडली. वाटाणे. मग पाय आपटत जिन्याने खाली आली आणि दात-ओठ खात म्हणाली, "हूडी. कुठे." सुहासिनीताईंनी तिथल्या तिथे उठून हूडी काढून दिली, जणू काही घडलंच नाही. संध्याकाळी हिरवळीवर त्या मला म्हणाल्या, "हे धरायचं नाही हं, प्रभाताई. हे गरजेपुरतं बोलणं झालं. तिच्या मनाने बोलली पाहिजे."

अनीश माझ्याकडे तक्रार घेऊन आला. "काकू, आई फार हट्टी झालीय. तुम्ही सांगा ना तिला."

"मी?" म्हटलं. "मी तर तिला अजून चढवून राहिली. तू असं कर, तिच्याशी तूच बोल. मराठी येते न तुला, का तीही गेली?" तो निघून गेला. चहा न घेता. मी तो दुसऱ्यांदा गरम करून प्याले, आणि मला बरं वाटलं.

ऑगस्टमध्ये हिरवळीवरून जाताना त्यांच्या घरातून भांडण ऐकू यायला लागलं. आजी आणि नात. आजीचा आवाज पुण्याचा, नातीचा अर्धा इथला, पण भांडण मराठीतलं. वरणात गूळ का घालतेस, माझ्या खोलीत का आलीस, असलं. देवयानी बाहेर येऊन पायरीवर बसायची, लॅपटॉप न घेता, आणि नुसती ऐकायची. अनीश मात्र पोरीशी इंग्रजीच बोलायचा. त्याच्यासमोर पोरगीही इंग्रजीच. सुहासिनीताई म्हणायच्या, "भांडते, पण भाजी-आमटीच्या पुढे जात नाही. आतलं काही सांगत नाही." तोवर दोन्ही लशी झाल्या होत्या, त्यांचं सप्टेंबरचं परतीचं तिकीट निघालं होतं.

निघायच्या दिवशी मीही त्यांना सोडायला विमानतळावर गेले. देवयानी घरातच निरोप घेऊन रडत राहिली, तिला कॉल होता. टर्मिनलच्या दाराशी अनीशने गाडी लावली, तिथे मिनिटं मोजूनच थांबू देतात. बॅगा ट्रॉलीवर चढल्या. सुहासिनीताई मला मिठी मारायला पुढे आल्या, आम्ही दोघी मास्कमधून रडलो. अनीश वाकून पाया पडला. कौमुदी गाडीतून उतरेचना.

"कौमुदी, कम ऑन, से बाय टु आजी," अनीश म्हणाला.

तेव्हा ती उतरली. दार जोरात आपटलं. गर्दीतली माणसं वळून बघायला लागली. आणि ती ओरडली, रडत, नाक पुसत, सगळ्या विमानतळाला ऐकू जाईल अशी.

"तू वाईट आहेस! मला नको होतं मराठी! तूच शिकवलं, आणि आता तू चाललीस! आता मी कोणाशी बोलू? भिंतीशी बोलू?"

सुहासिनीताईंनी ट्रॉली सोडली. त्यांना हेच हवं होतं, आणि हे असं हवं नव्हतं. त्या तिला घट्ट धरून उभ्या राहिल्या. पोरगी त्यांच्या खांद्यावर मुठी मारत होती. मला कुणाचा राग येत होता ते मला तेव्हा चांगलं कळलं, तो समोरच उभा होता, हातात गाडीची किल्ली घेऊन.

"भिंतीशी नाही," सुहासिनीताई तिला म्हणाल्या. "ह्याच्याशी बोलायचं." आणि अनीशकडे बोट केलं. ट्रॉली ढकलत आत गेल्या, आणि मागे वळल्या नाहीत.

मागच्या गाडीने हॉर्न दिला. पिवळ्या जॅकेटातला माणूस पुढे चला म्हणून हात करायला लागला. अनीशने गाडीचं दार उघडलं. "ओके, कौमुदी. गेट इन. लेट्स गो."

कौमुदीने बाहीला डोळे पुसले आणि बापाकडे पाहिलं.

"काय?" ती म्हणाली. "मला कळत नाही."

हॉर्नवर हॉर्न वाजत होते. ती जागची हलली नाही. मीही नाही.